साठीपुढच्या स्त्रियांमधला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर: लघवीतलं एनजीएफ मोजण्यात अर्थ आहे का?

पर्वती_बायोकेम

एमडी बायोकेमिस्ट्रीच्या थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, तयार करते आहे, महिनाभरात नाशिकला विद्यापीठाकडे जायला हवा. विषय असा: साठीपुढच्या स्त्रियांमध्ये ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर (ओएबी, म्हणजे लघवीची अचानक, न थांबवता येणारी घाई) असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन गटांत लघवीतल्या एनजीएफची, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या चेतातंतूंच्या वाढीशी जोडलेल्या प्रथिनाची, तुलना. मोजणी एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायची पद्धत), निकाल क्रिएटिनिनच्या प्रमाणात, म्हणजे लघवी पातळ की घट्ट याचा फरक पडू नये. रुग्ण आमच्याच हॉस्पिटलच्या स्त्रीरोग आणि युरॉलॉजी ओपीडीतून. कंट्रोल ऑर्थोच्या ओपीडीतून, कारण तिथे या वयाच्या बायका भरपूर येतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा. बजेट एलायझाच्या दोन प्लेटचं.

जुन्या पेपरांत ओएबीमध्ये एनजीएफ वाढलेलं दिसतं, नव्या काहींत नेमकं उलट. त्यामुळे तीन शंका आहेत. एनजीएफच धरावं की बीडीएनएफ (एनजीएफच्याच कुळातलं प्रथिन), एटीपी, प्रोस्टाग्लँडिन ई२ यांपैकी दुसरं काही? या वयात क्रिएटिनिनने भागणं बरोबर आहे का? आणि नमुना घेतल्यापासून उणे ८० च्या फ्रीझरपर्यंत नेमकं काय बिघडतं?

सिंहगडरोड_युरोगायनॅक

मार्कर, म्हणजे मोजायचा पदार्थ, कोणता हे नंतर ठरवा, आधी गट नीट करा. ओएबी हे लक्षणांवरून ठरणारं निदान आहे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येत मुख्य लक्षण लघवीची घाई. वारंवार जाणं, रात्री उठणं, गळणं ही सोबतची लक्षणं, आणि इन्फेक्शन किंवा दुसरं उघड कारण नको. या वयात सगळी अडचण त्या शेवटच्या अटीची आहे, कारण दुसरं कारण जवळजवळ प्रत्येकीकडे काही ना काही सापडतं.

औषधांची यादी हाताने तपासा, नुसतं 'बीपीची गोळी' लिहून सोडू नका. फ्युरोसेमाइड किंवा थायझाइड चालू असेल तर वारंवारता त्याने वाढते. अॅम्लोडिपिनने पाय सुजत असतील तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे येतं आणि बाई तीनदा उठते. मूत्राशय निर्दोष असतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर आणि तिच्याबरोबर पाणी जातं. या बायका तुमच्या अभ्यासातून सरळ वगळा, कारण त्यांचं लक्षणही बदललेलं असतं आणि लघवीची घनताही.

तीन दिवसांची लघवीची डायरी अनिवार्य ठेवा: प्रत्येक वेळ, मोजलेले मिलिलिटर, घाई होती की नाही, गळाली का, काय आणि किती प्यायलं. रात्रीची लघवी अधिक सकाळी उठल्यावरची पहिली, ही बेरीज चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर साठी-पासष्टीपुढच्या बाईला ते नॉक्टर्नल पॉलियुरिया, म्हणजे रात्री जास्त लघवी तयार होणं, धरतात. तशी बाई फक्त रात्रीच्या त्रासावरून ओएबी गटात घेऊ नका. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफीने उरलेली लघवी मोजा. १५० मिलिच्या वर असेल तर वगळा. अंग बाहेर येत असेल तर त्याची ग्रेड लिहा. लघवीत रक्त दिसलं, अगदी मायक्रोस्कोपखालीच, तर थिसिस बाजूला ठेवून आधी तिची तपासणी.

गट ठरवायला ओएबीएसएस ही ओएबीच्या लक्षणांची प्रश्नावली वापरा. चार प्रश्न, ० ते १५ गुण. घाईच्या प्रश्नाला २ किंवा जास्त आणि एकूण ३ किंवा जास्त असेल तर ओएबी. ५ पर्यंत सौम्य, ६ ते ११ मध्यम, १२ पासून तीव्र. प्रश्न विचारताना एक सांभाळा. 'घाई होते का?' म्हटलं की बहुतेक बायका 'हो' म्हणतात, कारण बसमध्ये चढण्याआधी, देवळात जाण्याआधी, लग्नाच्या हॉलमध्ये बसण्याआधी जाऊन यायची सवय त्यांना घाईच वाटते. 'अचानक इतकी जोरात येते का, की हातातलं काम टाकून पळावंच लागतं, थांबवताच येत नाही?' असं विचारा. उत्तर बदलतं.

ऑर्थोच्या कंट्रोलबद्दल: झिजलेल्या गुडघ्याच्या सांध्यातल्या द्रवात एनजीएफ वाढलेलं असतं, गुडघेदुखीवर एनजीएफविरोधी अँटिबॉडीच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्या याच कारणाने. वेदनेशी इतकं जोडलेलं प्रथिन मोजणार आणि कंट्रोल वेदनेच्या ओपीडीतून आणणार, हे परीक्षक पहिल्याच प्रश्नात पकडतील. डोळ्यांच्या ओपीडीत मोतीबिंदूसाठी येणाऱ्या बायका घ्या. गुडघेदुखी दोन्ही गटांत नोंदवा, म्हणजे विश्लेषणात धरता येईल.

एलायझा_बेंच

मार्करच्या निवडीबद्दल.

तैवानमधल्या कामात ओएबीच्या रुग्णांत लघवीतलं एनजीएफ वाढलेलं आणि उपचाराने लक्षणं कमी झाल्यावर उतरलेलं दिसलं, त्यावरून हा विषय गाजला. पण इन्फेक्शन, इंटरस्टिशियल सिस्टायटिस (मूत्राशयाचा जुनाट दुखरा आजार), मूत्रमार्गातला अडथळा यांतही ते वाढतं, म्हणून निदानाला एकटं पुरत नाही. शिवाय ओएबीमध्ये रक्तातलंही वाढलेलं आढळलं आहे, त्यामुळे लघवीतलं सगळं मूत्राशयातूनच आलं असं छातीठोक म्हणता येत नाही.

तुम्हाला दिसलेला 'उलट' निकाल बहुधा कॅनडातल्या गटाचा असावा. त्यांनी ५० ते ८० वयाच्या स्त्रिया घेतल्या. ओएबी गटात पक्व एनजीएफ कमी होतं आणि प्रोएनजीएफचं, म्हणजे ज्यापासून एनजीएफ तयार होतं त्या आधीच्या रूपाचं, एनजीएफशी गुणोत्तर जास्त. त्यांनी लावलेलं कारण असं की एमएमपी-९ हे एन्झाइम पक्व एनजीएफ तोडतं आणि त्याचा जोर वाढलेला होता. तुमच्या वयोगटाला हेच काम जवळचं आहे. म्हणून फक्त एनजीएफ मोजून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' लिहिण्यापेक्षा एक प्लेट एनजीएफची आणि एक प्रोएनजीएफची घ्या. बजेट तेच राहतं, प्रश्न मात्र खूप चांगला होतो. फक्त एक अट: एनजीएफच्या किटची अँटिबॉडी प्रोएनजीएफलाही चिकटते का, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असलंच पाहिजे. चिकटत असेल तर दोन्ही प्लेटवर तुम्ही मिश्रणच मोजाल आणि गुणोत्तर निरर्थक ठरेल.

बीडीएनएफची पातळी लघवीत सहसा जास्त मिळते आणि पोर्तुगालमधून त्यावर चांगलं काम आहे. पण नैराश्यात आणि नैराश्याच्या गोळ्यांनी रक्तातलं बीडीएनएफ बदलतं, आणि या वयात त्या गोळ्या खूप जणी घेतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ नको. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन घेतलेल्या बायकांत ते औषधानेच खाली जातं. एटीपी तर ओपीडीच्या कामाचं नाही. लघवीतली एन्झाइम ते मिनिटांत मोडतात, ताबडतोब प्रक्रिया करून ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमने वाचावं लागतं.

आता किटची खरी अडचण. लघवीतलं एनजीएफ पिकोग्रॅममध्ये असतं, म्हणजे बऱ्याच किटच्या अगदी तळाच्या मर्यादेपाशी. वर लघवीचा पीएच साडेचारपासून आठपर्यंत कुठेही, युरिया आणि क्षार कमीजास्त. रक्तद्रवासाठी तपासलेली किट लघवीत आकडे देतात, पण ते आकडे एनजीएफचेच असतील असं नाही. बाजारातल्या किटवर ही टीका छापूनही आली आहे. म्हणून रुग्णांचे नमुने लावण्याआधी पाच-सहा नमुन्यांवर दोन चाचण्या करा. पहिली: लघवीत माहीत असलेल्या प्रमाणात किटचंच स्टँडर्ड (ठरावीक पातळीचं द्रावण) मिसळा आणि किती परत मिळतं ते पाहा. ८० ते १२० टक्के मिळालं तर पुढे जा. ४० टक्के मिळत असेल तर लघवीतलं काहीतरी अँटिबॉडीला अडवतंय. दुसरी: तोच नमुना किटच्या बफरमध्ये दुप्पट आणि चौपट पातळ करून मोजा. गुणून येणारा आकडा जवळपास सारखा यायला हवा. पातळ केल्यावर आकडा वाढत गेला तर अडथळा आहे, आणि मग सगळे नमुने त्याच एका प्रमाणात पातळ करून लावा.

प्लेटचा हिशेब: ९६ घरं. शून्य धरून आठ स्टँडर्ड जोडीने, म्हणजे प्रत्येकी दोन घरांत, १६ गेली. किटची तपासणी द्रावणं (हीही कंट्रोलच म्हणतात) दोन, जोडीने, ४ गेली. उरली ७६, म्हणजे जोडीने ३८ नमुने. एका प्लेटवर रुग्ण आणि दुसऱ्या प्लेटवर कंट्रोल असं कधीही करू नका. दोन्ही गट प्रत्येक प्लेटवर मिसळून, आणि लावणाऱ्याला कोण कोणत्या गटातलं हे माहीत नको. जोडीतल्या दोन घरांचा फरक १० टक्के सीव्हीच्या (सरासरीच्या तुलनेतला फरक) वर गेला तर तो नमुना पुन्हा. त्यासाठी ३८ च्या ३८ जागा भरू नका, चार-पाच मोकळ्या ठेवा.

पर्वती_बायोकेम

खूप आभार. मोतीबिंदूची ओपीडी मान्य, गाईडशी बोलते. प्रोएनजीएफही आवडलं, पण दोन्ही एकाच नमुन्यावर मोजायचे तर सगळे मिळून ३३-३४ नमुनेच बसतील, ते पुरतील का? आणि क्रिएटिनिनचं राहिलं.

एलायझा_बेंच

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. साठीपुढे स्नायू कमी होतात, बायकांत मुळातच कमी, आणि जेवण कमी झालेल्या सडपातळ बाईत आणखी कमी. समजा दोघींच्या लघवीत एनजीएफ ६ पिकोग्रॅम प्रति मिलि आहे. पहिलीचं क्रिएटिनिन १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, म्हणजे १ मिग्रॅ प्रति मिलि, गुणोत्तर ६. दुसरी पंच्याहत्तरीची, वजन ४० किलो, क्रिएटिनिन ५०, गुणोत्तर १२. मूत्राशयात काहीही वेगळं नसताना दुप्पट 'वाढ'. ओएबीचा त्रास वयाबरोबर वाढतो आणि स्नायू वयाबरोबर घटतात, त्यामुळे ही चूक नेमकी रुग्णांच्या गटाकडे झुकते. तरुण कंट्रोल घेतलेल्या अभ्यासांतली काही 'वाढ' अशीच आली असावी, असं माझं मत आहे.

त्यात ओएबीवाल्या बायका गळतीच्या भीतीने पाणी कमी पितात. म्हणजे लघवीची घनतासुद्धा आजारानेच बदललेली.

यावर चांगला उपाय आहे आणि फुकट आहे. आधीची लघवी किती वाजता झाली ते लिहा आणि आताची पूर्ण लघवी मोजा. मग ताशी उत्सर्जन काढता येतं. समजा ५ पिकोग्रॅम प्रति मिलि, १८० मिलि, अडीच तासांची: ९०० भागिले २.५, म्हणजे ताशी ३६० पिकोग्रॅम. क्रिएटिनिन लागतच नाही. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर हा हिशेब बिघडतो, म्हणून वर सांगितलेली उरलेल्या लघवीची मोजणी इथेही कामाला येते.

स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीची घनता, रिफ्रॅक्टोमीटरने घेऊन ठेवा. दुरुस्ती अशी: मोजलेली पातळी गुणिले ०.०२०, भागिले मोजलेली ग्रॅव्हिटी वजा १. लघवीत साखर किंवा प्रथिन असेल तर ग्रॅव्हिटी फसवते, तेवढं लक्षात ठेवा. क्रिएटिनिनही मोजा, जुन्या पेपरांशी तुलना करायला लागेलच; एन्झाइमची पद्धत असेल तर ती घ्या. थिसिसमध्ये कच्चा आकडा, क्रिएटिनिनचं प्रमाण आणि ताशी उत्सर्जन असे तिन्ही तक्ते द्या. तिन्हींत फरक एकाच दिशेला असेल तर त्यावर विश्वास ठेवता येतो. फक्त क्रिएटिनिनच्या तक्त्यात असेल तर तो स्नायूंचा फरक आहे.

याच कारणाने सकाळची पहिली लघवी घेऊ नका. ती सहा-सात तास मूत्राशयात असते, तेवढ्या वेळात प्रथिनं तुटत राहतात, आणि ओएबीवाली बाई रात्री तीनदा उठली असेल तर तिची 'पहिली' दीड तासाचीच असते. दोन गटांची तुलनाच होत नाही. सकाळची दुसरी घ्या, दोन ते तीन तासांची.

ओपीडी_सिस्टर_कॅम्प

नमुना घेण्याचं मी सांगते, कारण बिघडतं ते इथेच.

या वयात पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली असतात, त्वचा कोरडी, कधी अंगावरून पांढरं जातं. ते नमुन्यात उतरलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांची एन्झाइम, वर म्हटलेलं एमएमपी-९ त्यातलंच, लघवीची म्हणून मोजली जातात. आधी साध्या पाण्याने, पुढून मागे, धुवायला सांगा, डेटॉल-सॅव्हलॉन नको. योनीचे ओठ बाजूला धरून पहिली धार सोडायची, मधली कपात. हे गुडघे धरलेल्या बाईला भारतीय संडासात उकिडवं बसून जमत नाही आणि ती लाजेने सांगतही नाही. हात थरथरतो, कप भलतीकडे. म्हणून कमोडखुर्ची ठेवा आणि भांड्यावर बसणारं मोजपात्र ठेवा. मधली धार वेगळ्या कपात, बाकीची मोजपात्रात, दोन्हींची बेरीज नोंदवहीत. सोडलेली पहिली धारही त्याच मोजपात्रात जाऊ द्या, नाहीतर आकारमान चुकतं. मावशींना एकदा नीट समजावून सांगा, त्या तुमच्यापेक्षा चांगलं घेतील.

नमुन्याचा थोडा भाग लगेच मायक्रोस्कोपखाली. चपट्या त्वचेच्या पेशी भरपूर दिसल्या तर नमुना बाहेरचा मिसळलेला, पुन्हा घ्या. डिपस्टिकच्या नायट्राइटवर विसंबू नका: बॅक्टेरियांना नायट्राइट बनवायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते, आणि तुमच्या रुग्ण तर तासातासाला जातात. त्यामुळे इन्फेक्शन असूनही पट्टी कोरी येते. कल्चर प्रत्येकीचं हवं, कंट्रोलचंही. सत्तरीपुढे कसलाही त्रास नसताना कल्चर पॉझिटिव्ह येणाऱ्या बायका बऱ्याच असतात. त्यांना अँटिबायोटिक सुरू करू नका, फक्त अभ्यासातून वगळा.

कप घेतल्याबरोबर बर्फात. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात सेंट्रिफ्यूज: ४ अंशांवर, ३००० जी, १० मिनिटं. आरपीएम आणि जी एकच नाहीत, रोटरच्या त्रिज्येवरून काढा. वरचं पाणी घेताना तळाच्या गाळाला पिपेट लावू नका. अर्ध्या अर्ध्या मिलिच्या चार-पाच नळ्या करा, प्रथिन न चिकटणाऱ्या, म्हणजे एक नळी एकदाच वितळते. प्रोटिएज इनहिबिटर घालायचा तर सगळ्यांत, सारख्या प्रमाणात. अर्ध्यांत घालून अर्ध्यांत नाही असं झालं तर सगळं फुकट. आणि एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओपीडीपासून लॅबपर्यंतच्या पायवाटेवरही कप उघड्या ट्रेमधून नेऊ नका.

कोथरूडची_लेक

मध्येच विचारते, माफ करा. आईला ७१ वर्षं, हाच त्रास आहे. ही एनजीएफची टेस्ट बाहेर करून घेतली तर निदान पक्कं होईल का?

सिंहगडरोड_युरोगायनॅक

नाही, त्यावर पैसे घालवू नका. हे मार्कर अजून संशोधनातच आहेत. रोजच्या उपचारात त्यांच्यावरून काहीही ठरत नाही. आईसाठी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातली साखर, लघवी झाल्यावरची सोनोग्राफी आणि तीन दिवसांची डायरी करा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. बद्धकोष्ठता असेल तर ती आधी घालवा, कारण भरलेला मलाशय मूत्राशयावर दाबतो. दिवसाला चार-पाच कप चहा होत असेल तर दोनवर आणा, पण पाणी तोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि वेळ हळूहळू लांबवण्याचं ट्रेनिंग फिजिओथेरपिस्टकडून शिकून किमान सहा ते आठ आठवडे. गोळी लागलीच तर या वयात ऑक्सिब्युटिनिन टाळायला सांगा, विसराळूपणा आणि गोंधळ वाढू शकतो. मिराबेग्रॉनचा तो त्रास नाही, पण बीपी ताब्यात हवं आणि मधूनमधून मोजायला हवं. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

पर्वतीताई, यावरून आठवलं. आधीच गोळ्या घेणाऱ्या बायकांचं काय करणार ते सिनॉप्सिसमध्ये लिहा. सोलिफेनासिनचं अर्धआयुष्य ४५ ते ६८ तास, मिराबेग्रॉनचं साधारण ५०. पाच अर्धआयुष्यं धरली तर दोन आठवडे बंद ठेवावं लागतं, आणि ते त्यांच्या डॉक्टरांच्या परवानगीनेच. मूत्राशयात बोटॉक्स घेतलेल्या बायका वर्षभर तरी नकोत. सोपं हवं असेल तर फक्त उपचार सुरू न झालेल्या घ्या.

स्टॅट_हडपसर

नमुन्यांच्या संख्येबद्दल. दोन गटांत अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक पकडायचा असेल, ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात ६४ लागतात. ०.८ चा मोठा फरक असेल तर २६. दोन प्लेटमध्ये दोन्ही मार्कर म्हणजे गटाला १७. त्यात फक्त फारच मोठा फरक दिसेल. चार प्लेट मिळवा, म्हणजे दोन्ही मार्करसाठी गटाला ३३-३४ बसतील. ते होत नसेल तर एकच मार्कर दोन प्लेटवर घ्या आणि सिनॉप्सिसमध्ये तसं स्पष्ट लिहा. १७ वर आरओसी (चाचणी दोन गट किती नीट ओळखते याचा आलेख) काढून संवेदनशीलतेचे टक्के छापू नका.

एनजीएफचे आकडे उजवीकडे लांब शेपटीचे येतात, लॉग घेऊन तुलना करा. किटच्या मर्यादेखाली आलेल्यांना शून्य लिहू नका आणि टाकूनही देऊ नका. थोडे असतील तर मर्यादा भागिले वर्गमूळ दोन. पाचात एकापेक्षा जास्त असतील तर टोबिटसारखी, मर्यादेखालचे आकडे हिशेबात धरणारी पद्धत. वय, गुडघेदुखी, मधुमेह आणि जीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) हे रिग्रेशनमध्ये घ्या, पण ६८ जणींवर दहा चल कोंबू नका.

रुग्ण आणि कंट्रोल एकाच महिन्यांत घ्या. रुग्ण उन्हाळ्यात आणि कंट्रोल पावसाळ्यात जमले तर लघवीची घनता ऋतूनेच वेगळी येईल. एकादशी-चतुर्थीला आणि श्रावणी सोमवारी या वयाच्या बऱ्याच बायकांचा उपास असतो, काहींचा निर्जळी. त्या दिवशी नमुना नको; फॉर्मवर 'आज उपास आहे का' हा रकाना घाला.

पर्वती_बायोकेम

चार प्लेटसाठी विभागाकडे अर्ज करते, नाही मिळालं तर एकच मार्कर. ताशी उत्सर्जन आणि सकाळची दुसरी लघवी हे दोन्ही बदल आजच लिहून काढते. एथिक्स कमिटीला नमुने दोन वर्षं साठवण्याची परवानगीही आताच मागावी का?

एलायझा_बेंच

हो, आताच मागा. साठवणूक आणि पुढचा वापर संमतिपत्रात वेगळ्या ओळीत, वेगळ्या सहीसकट, सोप्या मराठीत. नंतर प्रोएनजीएफसाठी पैसे मिळाले आणि संमतीत ते नसेल तर त्या नळ्यांना हात लावता येत नाही. दोन्ही गटांच्या नळ्या साठवणीत सारखेच दिवस राहतील असं पाहा आणि प्रत्येकीच्या काही नळ्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये ठेवा. वीज गेली आणि जनरेटर वेळेवर उचलला नाही तर सगळं एकाच जागी नको. लेबल साध्या कागदाचं लावू नका, उणे ८० ला ते सुटतं आणि पावसाळ्यात नळी बाहेर काढली की बाष्पाने शाई पसरते. क्रायो लेबल घ्या, नंबर झाकणावरही लिहा, आणि लेबल नळी गोठवण्याआधी, कोरडी असताना लावा.